ग्रंथालयात इतकी वर्षं गेल्यावर आता बी.लिब.-एम.लिब. करावं का?

देवघेव_खिडकी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

इथे ग्रंथालयांत काम करणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारते.

मी तालुक्याच्या गावातल्या एका 'अ' वर्ग (शासनाच्या 'अ' ते 'ड' दर्जांतला सगळ्यात वरचा) सार्वजनिक वाचनालयात सहायक ग्रंथपाल आहे. बारावी झाल्याझाल्या देवघेवीच्या खिडकीत बसले ती अजून तिथेच आहे. मधल्या काळात बाहेरून बी.ए. केलं, जिल्हा ग्रंथालय संघाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग केला. दाखल नोंदवही, वर्गणीच्या पावत्या, फाटकी पुस्तकं बांधणीला काढणं, वार्षिक तपासणीचं दप्तर, दिवाळी अंकांची योजना, स्पर्धा परीक्षावाल्या मुलांची अभ्यासिका, सगळं माझ्याकडे. संगणक आला तेव्हा ई-ग्रंथालय या संगणक प्रणालीत नोंदी चढवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. ते मात्र मला आवडलं.

आता आमचे ग्रंथपाल निवृत्त होतील. त्यांच्या जागी मला घ्यायचं की बाहेरून कुणी आणायचं, यावर कार्यकारी मंडळात कुजबुज चालू आहे. "बाईंना काम येतं, पण डिग्री नाही," असं एक सदस्य म्हणाल्याचं कानावर आलं. वय चाळिशीला टेकलंय, खुला प्रवर्ग, मुलगी नववीत. मुक्त विद्यापीठातून बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) आणि जमलं तर पुढे एम.लिब. (त्यातलीच पदव्युत्तर पदवी) करावं असं डोक्यात आहे. घरच्यांचा विरोध नाही, पण "पगार किती वाढणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय मनात असंही येतं की जे मी रोज करते तेच पुन्हा पैसे भरून शिकायचं का?

ज्यांनी नोकरी करता करता केलंय, किंवा ठरवून केलेलं नाही, अशा दोघांचंही ऐकायचं आहे.

टोपीवाला

पहिला नंबर. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ताई, शुभेच्छा.

कॉलेजकट्टा

ताई, मी मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मी स्वतः कारकून म्हणून लागलो आणि नोकरीत असतानाच दोन्ही पदव्या घेतल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'डिग्री करू का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण ग्रंथालयाच्या नोकऱ्यांची तीन-चार वेगवेगळी जगं आहेत आणि प्रत्येकाच्या दारावर वेगळी पाटी आहे.

महाविद्यालय आणि विद्यापीठ: इथे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८चे नियम लागतात. ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी, त्यात किमान ५५ टक्के, आणि वर नेट (देशपातळीची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा (किंवा नियमात बसणारी पीएच.डी.). राखीव प्रवर्गांना टक्क्यांत ५ची सूट. मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या पायरीइतकंच. या जगात तुमचा खिडकीचा अनुभव अर्ज भरण्यापुरताही मोजला जात नाही. वाईट वाटेल, पण तसं आहे.

केंद्रीय विद्यालय: बी.लिब. किंवा पदवी अधिक ग्रंथालयशास्त्राची एक वर्षाची पदविका पुरते. लेव्हल ७, म्हणजे ४४,९०० मूळ वेतन. एम.लिब. लागत नाही. पण वयाची अट साधारण ३५.

राज्य शासनाची सरळसेवा: वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. तुम्ही खुला प्रवर्ग लिहिलंय, म्हणजे ते दार जवळजवळ लागलेलंच समजा. काही जाहिरातींत सवलती असतात, त्या त्या वेळी बघा.

नेट-सेटला मात्र वयोमर्यादा नाही. ज्युनियर रिसर्च फेलोशिपला आहे, पात्रतेला नाही.

म्हणून माझा सल्ला: बी.लिब. डोळे झाकून करा. एम.लिब. करायचं तर ५५ टक्के आणि सेट हे आधीच मनात धरून करा. ५४ टक्क्यांचं एम.लिब. घेऊन बसलेले लोक मी बघितलेत. त्या कागदाचा त्यांना काडीचा उपयोग झाला नाही.

कार्यवाह_काका

कट्टासाहेबांनी वरच्या मजल्याचं सांगितलं, मी तळमजल्याचं सांगतो. मी एका 'ब' वर्ग वाचनालयाचा बरीच वर्षं कार्यवाह आहे. ताईंना राग येईल, पण कोणी तरी हे बोलायला हवं.

सार्वजनिक वाचनालयात डिग्रीला पगार नाही. समजा तुम्ही एम.लिब. होऊन आलात, तरी आमच्या हातात द्यायला काही नाही. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने आपल्याला अनुदान दिलं, वेतनश्रेणी दिली नाही. ग्रंथालयांच्या प्रश्नांवरच्या व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशींचे कागद आमच्या पिढीने पाठ केले, निवेदनं दिली, आझाद मैदानात बसलो. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, त्याचे पेढेही वाटले. पण 'ड' वर्गाचं बघा: वर्षाला ३०,००० होते ते ४८,००० झाले. महिन्याला चार हजार. त्यातच पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज आणि ग्रंथपालाचं मानधन. 'अ' वर्गाची रक्कम मोठी दिसते, पण तिथे माणसंही जास्त असतात.

दर्जावाढ करून जास्त अनुदान घ्यावं म्हणाल, तर शासनाने २०१२ मध्ये केलेल्या ग्रंथालयांच्या पडताळणीनंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ दोन्ही बरीच वर्षं ठप्प होते. अशा वेळी समितीने डिग्रीवाला मागायचा आणि प्रमाणपत्रवाल्याइतकेच पैसे द्यायचे, हे मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र खरी. 'अ' वर्गाच्या ग्रंथपालाची किमान अर्हता नियमांत लिहिलेली आहे आणि तपासणीला येणारे निरीक्षक ती बघतात. तेव्हा ताई, कुजबुजीवर विसंबू नका. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन तुमच्या वर्गाच्या ग्रंथपाल पदाला नेमकी कोणती अर्हता लागते ते लेखी विचारा. प्रमाणपत्र चालत असेल तर त्या सदस्याचं तोंड एका कागदात बंद होईल. चालत नसेल तर बी.लिब.चा फॉर्म त्याच दिवशी भरा.

देवघेव_खिडकी

काका, राग नाही आला. लेखी विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी जाते.

कॉलेजकट्टा सर, ५५ टक्क्यांचं लक्षात ठेवते. पण एक विचारते, बी.ए.ला मला ४७ टक्के आहेत. बी.लिब.ला प्रवेश मिळेल का?

अर्धवेळ

ताई, इग्नूच्या बी.लिब.ला मी प्रवेश घेतला तेव्हा अट अशी होती: पदवीला ५० टक्के, किंवा पदवी अधिक ग्रंथालयाची पदविका, किंवा पदवी अधिक ग्रंथालयातला दोन वर्षांचा अनुभव. मी तिसऱ्या रांगेतून आत गेले. म्हणजे अनुभवाला कुठे तरी किंमत आहे बरं का! यंदाचं माहितीपत्रक मात्र स्वतः वाचा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अटी वेगळ्या आहेत, आणि तिथे मराठीतून अभ्यास होतो ही मोठी सोय.

बाकी माझी कथा आयडीवरून कळलीच असेल. शाळेत पटसंख्या हजाराच्या वर गेली तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशे ते हजारमध्ये अर्धवेळ. आमची शाळा कायम साडेआठशेच्या आसपास घुटमळते. डिग्री झाली, विद्यार्थी नाही वाढले. तीन तास सही, बाकी वेळ "मॅडम, जरा तेवढा ऑफ तास घ्या".

निवृत्त_मास्तर

चर्चा पगारावर आणि पात्रतेवर चालली आहे, ती योग्यच आहे. पण धागाकर्तीने एक दुसरा प्रश्न विचारला आहे आणि त्याला कोणी हात लावलेला नाही: "जे मी रोज करते तेच पुन्हा शिकायचं का?" मी अनेक वर्षं ग्रंथालयशास्त्र शिकवलं. माझ्या वर्गात निम्मे विद्यार्थी नोकरी करणारे असत, त्यामुळे यावर मला बोलायला हवं.

देवघेव, नोंदवही, शिक्का, फडताळ या गोष्टींत तुम्हाला वर्गात नवं काही मिळणार नाही. उलट तुम्हीच शिक्षकाला शिकवाल. पण वर्गीकरण (विषयवार पुस्तकं लावणं) आणि तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं) या दोन विषयांत अनुभवी माणूस हमखास अडतो, कारण त्याला आपल्या ग्रंथालयाची पद्धत हीच एकमेव पद्धत वाटत असते. आपल्या सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकं बहुतेक दाखल क्रमांकाने लावलेली असतात. १२,४५० नंबरची कादंबरी आणि १२,४५१ नंबरचं मधुमेहावरचं पुस्तक शेजारी. कर्मचाऱ्याला सवयीने सापडतं, वाचकाला कधीच नाही. मुक्तद्वार पद्धत (वाचकाने स्वतः फडताळातून पुस्तक घ्यायचं) आणायची म्हटलं की सगळा डोलारा कोसळतो.

दुसरं टोकही सांगतो. ड्यूई दशांश पद्धत (पुस्तकाला विषयाप्रमाणे आकडा, म्हणजे वर्गांक देणारी) जशीच्या तशी लावली तर मराठी वाङ्मय सगळं ८९१.४६ मध्ये आणि त्यातलं कथा-कादंबरीचं घबाड ८९१.४६३ मध्ये. तुमच्याकडे दहा हजार कादंबऱ्या असतील तर दहा हजार पुस्तकांना एकच वर्गांक! अमेरिकेतल्या ग्रंथालयात तो आकडा एका फळीपुरता असतो, आपल्याकडे तो अख्खा हॉल असतो. मग ग्रंथकार-चिन्ह (लेखकाच्या नावाची खूण) कसं द्यायचं, अनुवादित वेगळं काढायचं का, ऐतिहासिक कादंबरीला वेगळी खूण करायची का, हे ठरवायला पद्धतीमागचा विचार कळावा लागतो. तो वर्गात कळतो. खिडकीत बसून कळत नाही असं नाही, पण फार वेळ लागतो.

एम.लिब.मध्ये त्यात संशोधन पद्धती, माहितीच्या गरजांचा अभ्यास, ग्रंथालय व्यवस्थापन आणि संगणकीकरणाची भर पडते. त्यातला निम्मा भाग परीक्षेपुरता असतो हे मी शिक्षक असूनही मान्य करतो.

टोपीवाला

मास्तर, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात त्या रंगनाथनांकडे कुठे डिग्री होती? गणिताचे प्राध्यापक होते.

निवृत्त_मास्तर

टोपीवाले, अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमलं तेव्हा त्यांना या कामाचा गंध नव्हता, आणि कंटाळून ते परत शिकवायला जायला निघाले होते. विद्यापीठाने त्यांना लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रंथालयशास्त्र शिकायला पाठवलं. तिथे शिकले, इंग्लंडमधली ग्रंथालयं फिरून बघितली आणि १९२५ मध्ये परत आले. त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१चे, त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत १९३३ची. शिक्षण झालं आणि मग बाकी सगळं झालं. आधी नोकरी, मग शिक्षण, हा क्रम तर अगदी आपल्या धागाकर्तीचाच.

आणि मराठी माणसाला लागू पडेल असं सांगायचं तर बडोद्याकडे बघा. सयाजीराव गायकवाडांनी १९१०च्या सुमारास अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना आणलं, गावोगावी वाचनालयं काढली आणि त्याच झपाट्यात ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचे वर्गही चालू केले. नुसत्या इमारती बांधून चालणार नाही, आत बसणारा माणूस तयार करावा लागतो, हे त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

कार्यवाह_काका

मास्तर, तो राजा पगारही देत होता!

संगणकसखा

थोडा वेगळा सूर लावतो. मी ग्रंथालयांना संगणकीकरण करून द्यायच्या धंद्यात आहे. माझं मत: एम.लिब.चे पैसे आणि वेळ वाचवा. कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) शिका, मार्क २१ (संगणकात पुस्तकाची नोंद करायचा साचा) शिका, डी-स्पेस (डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर) हाताळायला शिका. कोहा फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चढवून सराव करता येतो. आमच्याकडे येणारी एम.लिब. झालेली मुलं मार्कमधला २४५ टॅग (पुस्तकाच्या नावाचा रकाना) म्हणजे काय विचारलं की एकमेकांकडे बघतात. ताई ई-ग्रंथालय हाताळतात, म्हणजे त्यांची अर्धी तयारी झालेलीच आहे. अशा लोकांना खाजगी क्षेत्रात कंत्राटी कामं मिळतात. एवढ्या वर्षांत एकाही ग्राहकाने मला "तुमची डिग्री दाखवा" म्हटलेलं नाही.

कॉलेजकट्टा

सखा, तुला नाही म्हटलं कारण तू विकणारा आहेस. नोकरीच्या जाहिरातीत 'कोहा येत असल्यास प्राधान्य' हे शेवटच्या ओळीत असतं. पहिल्या ओळीत डिग्री असते आणि छाननी करणारा कारकून पहिल्या ओळीच्या पुढे जात नाही. कौशल्य शिकू नका असं मी म्हणत नाही, माझ्या ग्रंथालयात मी सोल हे सॉफ्टवेअर वापरतो आणि ते मला कोणत्याही वर्गात शिकवलेलं नाही. पण डिग्रीऐवजी कौशल्य, हा सल्ला तालुक्याच्या गावातल्या चाळिशीच्या बाईला देणं मला धोक्याचं वाटतं. कंत्राटी कामं पुण्या-मुंबईत मिळतात. ताईंनी घर हलवायचं का?

संगणकसखा

नोंदीची कामं हल्ली घरबसल्याही होतात, दादा. असो. मुद्दा पोचला.

जर्सीकर

न्यू जर्सीहून. इथल्या गावच्या सार्वजनिक लायब्ररीत मी बरीच वर्षं सर्क्युलेशन डेस्कवर, म्हणजे देवघेवीच्याच खिडकीत आहे. हा धागा वाचून मजा वाटली, कारण आमच्या स्टाफरूममध्ये अगदी हीच चर्चा चालते.

इथे दोन जाती आहेत, सरळ सांगते. 'लायब्ररियन' म्हणवून घ्यायला अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता असलेली मास्टर्स लागते. आमच्या राज्यात व्यावसायिक ग्रंथपालाचं प्रमाणपत्रच त्या पदवीवर मिळतं. बाकी सगळे असिस्टंट, मग तुम्ही कितीही वर्षं काम करा. काउंटरवर येणाऱ्याला हा फरक कळत नाही, तो सगळ्यांनाच लायब्ररियन म्हणतो. पगारपत्रकाला मात्र चांगला कळतो.

पण हिशेब इथेही सोपा नाही. पदवी महाग, सार्वजनिक लायब्ररीचे पगार बेताचे, आणि पूर्णवेळ जागा कमी. माझ्या बरोबरीच्या एकीने कर्ज काढून ऑनलाइन मास्टर्स केली, आता दोन गावांत दोन अर्धवेळ नोकऱ्या करते. दुसरीने केली आणि बालविभागाची प्रमुख झाली. दोघी सारख्याच हुशार. आमच्याकडचा जुना सल्ला असा की आधी लायब्ररीत काम करून बघा, मग पदवीला जा, आणि स्वतःचा पैसा घालण्याआधी तुमची लायब्ररी फी भरते का ते विचारा. काही ठिकाणी भरतात. काका, तुमच्या समितीने ताईंची निम्मी फी तरी भरायला काय हरकत आहे?

आणखी एक, इकडे यायचा विचार असणाऱ्यांसाठी. मी भारतातून एम.लिब. करून आले होते. बाहेरच्या देशातली पदवी इथे आपोआप चालतेच असं नाही; कॅनडाची चालते, आपली नाही. मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि तरी मालक घेईलच असं नाही.

कार्यवाह_काका

जर्सीकर ताई, फी भरण्याची कल्पना चांगली आहे, पण आमच्याकडे लेखापरीक्षक विचारेल हा खर्च कोणत्या शीर्षाखाली. देणगीदार गाठावा लागेल. विषय बैठकीत ठेवतो, खोटं आश्वासन देत नाही.

मांडवी

गोव्यातून छोटीशी भर. आमच्याकडे १९९३चा वेगळा ग्रंथालय कायदा आहे आणि तालुका ग्रंथालयं सरकारी आहेत, त्यामुळे तिथल्या माणसाला रीतसर वेतनश्रेणी असते आणि डिग्रीला अर्थ असतो. पण कोकणी येणं आणि १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, तेव्हा सीमेपलीकडून कोणी लगेच सामान बांधू नये. 🙂

दुसरी_पाळी

मी सहसा लिहीत नाही, पण इथे लिहायला हवं वाटलं. मी ताईंसारखीच. वाचनालयात काम करता करता बी.लिब. आणि एम.लिब. दोन्ही केलं, अडतिशीत. संसार, सासूचं आजारपण, आणि रात्री दहानंतर अभ्यास. एम.लिब.ला ६१ टक्के मिळाले. सेट दुसऱ्या वेळी झाले.

नोकरी लागली का? नाही. महाविद्यालयांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. जिथे भरतात तिथे मुलाखतीला वीस-वीस जण सेट-नेट होऊन बसलेले असतात, आणि काही ठिकाणी मुलाखतीआधीच निकाल ठरलेला असतो. एका संस्थेत मला तासिका तत्त्वावर, म्हणजे ग्रंथपालाचं पूर्ण काम आणि पैसे तासांचे, असं विचारलं गेलं. मी नाही म्हटलं. आजही त्याच वाचनालयात आहे, त्याच मानधनाच्या आसपास.

तरी पस्तावले का, तर तेही नाही, आणि हे मी मनाच्या समाधानासाठी म्हणत नाही. बी.लिब.ने माझं काम बदललं. मास्तरांनी लिहिलंय तसं मी बालविभाग आणि संदर्भ विभाग मुक्तद्वार केला, वर्गांक लावून. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं विषयवार लावली. समितीच्या बैठकीत मी पुस्तक खरेदीबद्दल बोलू लागले आणि ते ऐकू लागले. आधी कार्यवाहांचा मित्र असलेल्या विक्रेत्याकडून गठ्ठे येत, आता वाचकांच्या मागणीची यादी माझ्याकडून जाते. हे सगळं बी.लिब.चं. एम.लिब.ने काय दिलं असं विचारलं तर मला थांबून विचार करावा लागतो.

म्हणून ताई, दोन्ही एका दमात ठरवू नका. बी.लिब. हा तुमच्या आत्ताच्या कामासाठी. एम.लिब. हा फक्त एका विशिष्ट जाहिरातीसाठी, आणि ती जाहिरात गेल्या काही वर्षांत तुमच्या जिल्ह्यात किती वेळा आली ते मोजा. मी मोजलं नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं.

कॉलेजकट्टा

दुसरी_पाळी, तुमचा एकेक शब्द खरा आहे. जागांबद्दल मी हात आखडता घेऊन लिहिलं होतं, तुम्ही उघड लिहिलंत. मीही आज नव्याने अर्ज करायला निघालो असतो तर लागलो असतो की नाही, सांगता येत नाही.

फक्त एका गोष्टीत वेगळं मत. काही विद्यापीठांनी आता बी.लिब. आणि एम.लिब. अशी एक-एक वर्षाची दोन पदव्या देणारी रचना सोडून दोन वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम केला आहे. तिथे प्रवेश घेतला तर 'आधी बी.लिब., मग बघू' हा मार्ग तितका सरळ राहत नाही. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडता येतं का, पडल्यावर हातात कोणत्या नावाची पदवी येते, आणि नियमांत 'बी.लिब.' लिहिलेल्या जागी ती चालते का, हे प्रवेशाआधीच विचारा. म्हणूनही मुक्त विद्यापीठाचा मार्ग तुमच्यासाठी बरा.

अर्धवेळ

मुक्त विद्यापीठाची डिग्री लोक हिणवतात, त्याचंही बोला कोणी तरी. आमच्या मुख्याध्यापकांनी "बाहेरून केलेलं ना?" असं सगळ्यांसमोर विचारलं होतं.

निवृत्त_मास्तर

यूजीसीची मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे यूजीसीने दूरशिक्षणाच्या नियमांतच लिहिलं आहे. तो अभ्यासक्रम त्या वर्षी दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे की नाही एवढं संकेतस्थळावर बघून घ्यावं. मुख्याध्यापकांना पुढच्या वेळी तो नियम छापून द्या.

खरी अडचण वेगळी आहे. दूरस्थ विद्यार्थ्याला वर्गीकरणाचा प्रत्यक्ष सराव फार कमी मिळतो. संपर्क सत्रं चार-दोन रविवारी होतात आणि त्यात प्रात्यक्षिक उरकलं जातं. ड्यूईचे खंड अभ्यासकेंद्रात एकच संच, मुलं पंचवीस. यावर उपाय ताईंच्या हातात आहे: स्वतःच्या वाचनालयातली शंभर पुस्तकं काढा, मराठी कादंबरी सोडून, आणि रोज पाचांना वर्गांक द्या. शेती, आरोग्य, चरित्र, प्रवास, कायदा. नियमित वर्गातल्या विद्यार्थ्याला एवढा खरा माल मिळत नाही.

टोपीवाला

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

संगणकसखा

टोपीवाले, काय लिहून पुसलंत? 😄

देवघेव_खिडकी

सगळ्यांचे आभार. जिल्हा ग्रंथालय कार्यालयात जाऊन आले. तिथल्या साहेबांनी नियमांचं पुस्तक काढून दाखवलं आणि लेखी उत्तरासाठी अर्ज ठेवून घेतला. तोंडी इतकंच म्हणाले की समितीला योग्य वाटलं तर मार्ग निघू शकतो, पण पदवी असेल तर पुढे कोणीच बोट ठेवणार नाही.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या ग्रंथपालपदाच्या जाहिराती गोळा करायला बसले. जुनी वर्तमानपत्रं आमच्याकडेच आहेत, त्यामुळे सोपं गेलं. पूर्णवेळ, अनुदानित, खुल्या प्रवर्गासाठी अशी जाहिरात शोधायला फार पानं उलटावी लागली. बाकी बहुतेक तासिका तत्त्वावरच्या किंवा विनाअनुदानित. दुसरी_पाळी ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर हे केलं नसतं.

तर सध्या बी.लिब. नक्की. एम.लिब.चं नाव घरात काढत नाही. संगणकसखांनी सांगितलेलं कोहा मुलीच्या लॅपटॉपवर चढवायचा प्रयत्न चालू आहे, ती वैतागली आहे.

मास्तर, शंभर पुस्तकांचं पटलं. पण आमच्याकडे वर्गीकरणाचे खंडच नाहीत. काय करू?

निवृत्त_मास्तर

तालुक्यात एखादं वरिष्ठ महाविद्यालय असेलच. तिथल्या ग्रंथपालाला भेटा, संदर्भ विभागात बसून वापरू द्या म्हणा. जुनी आवृत्ती असली तरी सरावाला चालते. ग्रंथपाल सहसा ग्रंथपालाला नाही म्हणत नाही.

कॉलेजकट्टा

आणि म्हटलाच तर मला व्यक्तिगत निरोप करा, जिल्हा कळवा. ओळखी काढू.

नवा_भिडू

धागा वर काढतोय. मी बी.लिब.ला आहे, वय २४. सेटचं स्वरूप कोणी सांगेल का?

कॉलेजकट्टा

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट पुण्याचं विद्यापीठ घेतं. दोन पेपर, पहिला सगळ्यांना सामायिक, ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. तुम्ही २४चे आहात, तुमच्यासाठी वरचा सल्ला उलटा लागू होतो: केंद्रीय विद्यालय आणि शासकीय भरतीची वयं अजून हातात आहेत, त्यामुळे बी.लिब. संपताच त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा आणि एम.लिब. सोबत चालू द्या. पहिल्या पेपरला हलकं घेऊ नका, आपल्या विषयाची मुलं तिथेच अडकतात.

कार्यवाह_काका

आमच्या बैठकीत कर्मचाऱ्याच्या फीचा विषय ठेवला होता. एका सदस्याने विचारलं, डिग्री झाल्यावर त्या सोडून गेल्या तर? मी म्हटलं, एवढ्याशा मानधनात बांधून ठेवायचा आपल्याला काय हक्क आहे. निर्णय पुढच्या बैठकीवर. देणगीदार एक मिळाला आहे, बघू.